वाचक विचारतात : गाडी कातळावर, घोडा किनाऱ्यावर

थंडी सुरू झाली की लातूर, बीड, परभणीकडची मंडळी कोकणाकडे निघतात. अलीकडे दोन दिवसांच्या एका कार्यक्रमाबद्दल पत्रं येत आहेत : एका सत्रात वाटाड्याच्या गाडीमागे आपली किंवा भाड्याची फोर बाय फोर आडवाटेनं चालवायची, दुसऱ्या सत्रात समुद्रकिनाऱ्यावर घोड्यावरून रपेट. मराठवाड्याला समुद्र नाही. घोडा आणि चिखल मात्र घरचेच. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही तीन कुटुंबं काशीद-मुरूडला जायचं म्हणतोय. आयोजक म्हणतो कोणताही शनिवार-रविवार चालेल, संध्याकाळी पाच वाजता घोडे तयार असतील. तारीख ठरवताना आणखी काही बघायचं का? — एक वाचक, लातूर

आधी तिथी बघा, मग वार. घोडा पळवायला लागते ती भिजून घट्ट झालेली वाळू, आणि ती पट्टी ओहोटीलाच उघडी पडते. भरतीच्या वेळी उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. तिच्यात घोड्याचे पाय रुततात, शिरा ताणल्या जातात आणि स्वाराला नुसते गचके बसतात.

कोकणातला जुना आडाखा असा : तिथीची पाऊणपट करा, येईल तितक्या वाजता भरती. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे चतुर्थीला सकाळी नवाच्या आसपास आणि रात्री नवाच्या आसपास. अष्टमीला हिशेब सहावर येतो. आयोजकानं सांगितलेल्या पाच वाजता अष्टमी असेल, तर समुद्र जवळजवळ पुरता भरलेला आणि घोडेवाला तुम्हाला सुरूच्या झाडांलगत, कोरड्या वाळूत फिरवून आणणार.

संध्याकाळची रपेट हवी असेल तर चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या आणि प्रतिपदा हे दिवस धरा. तेव्हा भरती साडेदहा ते पाऊणच्या दरम्यान आणि ओहोटी पावणेपाच ते सातच्या दरम्यान येते. सकाळची हवी असेल तर प्रतिपदा ते चतुर्थी उत्तम. मात्र अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते : पाणी लांबवर ओसरतं आणि परतताना झपाट्यानं येतं. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर एक तास, एवढाच वेळ रपेटीसाठी धरा. आडाख्यात अर्धा-पाऊण तासाची चूक होऊ शकते, म्हणून तारीख पक्की झाल्यावर त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघून घ्यावं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच. लातुरात बसून एवढं तर नक्की जमतं.

प्रश्न : आमच्याकडे थार आहे. किनाऱ्यावर पाण्याच्या कडेनं चालवायची इच्छा आहे. ओली वाळू घट्ट असते असं ऐकतो. — बीड

चालवू नका. घट्ट असते ती पाण्यापासून जरा वरची पट्टी. लाटेच्या टोकाशी गाडी उभी राहिली की परतणारी प्रत्येक लाट टायरखालची वाळू काढून नेते. चार-पाच लाटांत चाक निम्मं खाली जातं. त्यातून भरती लागली असेल तर ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापाशी आलेलं असतं. फोर बाय फोर असली म्हणून यातून सुटका नाही. उलट तिच्या भरवशावर माणूस आणखी पुढे जातो.

दुसरं, कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास बंदी आहे आणि तसं केल्यावर गुन्हे दाखल होतात. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. टायरखाली वाळू दबली की घरटं गेलं. तिसरं, खारं पाणी. ते ब्रेक, बेअरिंग, वायरिंगचे जोड आणि चॅसीच्या पोकळ भागात शिरतं आणि गंज महिन्याभरानं दिसू लागतो. गाडी किनाऱ्यालगत नुसती दोन दिवस उभी होती तरी परतताना खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्यावी.

जाणता आयोजक गाडीचं सत्र आत, खासगी जागेत घेतो : जांभ्याचा कातळ, लाल मातीचे चढ, ओढ्याचं उथळ पात्र, फार तर मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा. जो पहिल्याच फोनवर 'बीचवर गाडी पळवू' म्हणतो, त्याच्याकडे जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : काळ्या रानातल्या चिखलातून गाडी काढायची सवय आहे. वाळूत आणि कातळावर असं काय वेगळं करायचं? चाकातली हवा कमी करा म्हणतात, ती कशाला? — परभणी

आपल्या रेगूर मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. पाणी प्यायली की ती फुगते, चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. खाचा भरल्या की नवा टायरही गुळगुळीत. म्हणून चिखलात थोडा जास्त ॲक्सिलरेटर देऊन चाक फिरवावं लागतं, माती झटकावी लागते, स्टेअरिंग जरा डावीउजवीकडे हलवत टायरच्या कडेनं पकड शोधावी लागते. तुमच्या हाताला हीच सवय आहे आणि वाळूत हीच नडते. वाळूचे कण एकमेकांना धरून नसतात. फिरणारं चाक त्यांना मागं फेकतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. दोन-तीन सेकंद जोर दिला की गाडीचं पोट वाळूवर टेकलं.

हवा कमी केल्यानं टायरचा ठसा रुंदीला थोडा वाढतो आणि लांबीला जास्त. जमिनीला टेकणारा भाग वाढतो, तेवढ्याच वजनाचा दाब पसरतो. रस्त्यावर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवत असाल तर वाळूसाठी १८ वर आणा. तरीही जड जात असेल तर १५. १२ च्या खाली गेलात की वळणावर टायर रिममधून निसटण्याचा धोका असतो. हवा कमी केलेल्या गाडीला वेग नको, झटक्याची वळणं नकोत. थांबताना ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकनं चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. जमेल तिथे उताराकडे तोंड करून थांबावं.

रुतलीच तर पहिल्या घसरणीला पाय काढा. खाली उतरून बघा : पोट टेकलंय का? टेकलं असेल तर फावड्यानं पोटाखालची आणि चाकांपुढची वाळू काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआयनं कमी करा आणि आल्या चाकोरीतून रिव्हर्स घ्या. पुढे जायचा हट्ट नको. मागची वाट तुमच्याच टायरनं दाबलेली असते.

कातळावर हिशेब उलटा. जांभ्याच्या कडा धारदार असतात आणि हवा फार कमी केली की फुगलेली टायरची बाजू त्यावर चिरते. तिथे २२ ते २४ पीएसआय पुरे. फोर-लो (चारही चाकांना जोर जास्त, वेग कमी), पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला, गाडी चालण्याच्या वेगानं. दगड दोन चाकांच्या मधून घालवायचा मोह होतो. मोठा दगड चाकाखाली घ्या, पोटाखाली नाही. उतरताना न्यूट्रल कधीच नाही आणि उतारावर आडवं वळणंही नाही. चढावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक धरून ठेवा, रिव्हर्स टाका आणि सरळ मागं या.

हवा पुन्हा भरायची सोय बरोबर हवी. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बॅटरीला चिमट्यांनी जोडणारा घ्यावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो. १८ पीएसआयवर डांबरी रस्त्यानं लांब जाणं म्हणजे टायर तापवून फोडणं.

सरावासाठी धरणाकाठी जाणाऱ्यांना एक इशारा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन वरून भेगाळलेली, टणक दिसते. वीतभर खपलीखाली गाळ लोण्यासारखा असतो. पहारीनं टोचून बघा. पहार सहज हातभर गेली तर गाडी घालू नका, कारण तिथे ट्रॅक्टरही अडकतो. जायकवाडीचा जलाशय तर पक्षी अभयारण्य आहे, तिकडे हा विचारही नको. गोदावरीच्या कोरड्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे असतात आणि वरून वाहून आलेल्या वाळूनं ते झाकलेले असू शकतात. पायी चालून पाहिल्याशिवाय पात्रात उतरू नये.

प्रश्न : गाडी ओढायला ट्रॅक्टरची साखळी घेऊन निघालो तर चालेल का? आयोजकाकडे कोणतं सामान असलं पाहिजे? — नांदेड

साखळीनं ट्रॅक्टर हळूहळू ओढणार असेल, मधे ढील नसेल, तर चालेल. झटका मात्र साखळीला किंवा वायर रोपला कधीही द्यायचा नाही. ते ताणले जात नाहीत, सगळा धक्का हुकावर येतो. हुक तुटला की लोखंडाचा तो तुकडा काच फोडून आत येतो. झटक्यानं काढण्यासाठी नायलॉनचा कायनेटिक रोप असतो. तो ताणला जातो आणि रबरासारखा हळूवार जोर देतो. त्याची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या निदान तिप्पट असावी.

रोप कुठे अडकवता हे रोपाइतकंच महत्त्वाचं. चॅसीला बोल्ट केलेला, त्यासाठीच दिलेला रिकव्हरी हुक हवा. बंपर, ॲक्सल, सस्पेन्शनचे हात आणि ट्रेलरचा गोळा या जागा वर्ज्य. बंपरच्या झाकणामागे आटे फिरवून बसवायचा जो डोळा अनेक गाड्यांत मिळतो, तो सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरताच. ओढताना रोपाच्या मध्यावर जड पोतं किंवा सतरंजी टाका, आणि रोपाच्या लांबीच्या दीडपट अंतरात ड्रायव्हर सोडून कुणी उभं राहू नये. मोबाइलवर शूटिंग करणारे नेमके रोपाच्या रेषेत उभे असतात. त्यांना आधी हाकला.

आयोजकाला विचारा : कायनेटिक रोप, ४.७५ टनांचे निदान दोन शॅकल (रोप हुकाला जोडायच्या कड्या), दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या), फावडं, कॉम्प्रेसर, हवा मोजायचं गेज, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी आहे का? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न : वाटाड्याची गाडी एक की दोन? एकच असेल आणि तीच अडकली, तर सगळी वरात तिथेच.

प्रश्न : फोर-हाय आणि फोर-लो कधी टाकायचं? एकदा टाकल्यावर दांडा अडकून बसला. — जालना

माती, वाळू, सैल मुरूम : फोर-हाय. थारमध्ये चालत्या गाडीत, सरळ रेषेत असताना टाकता येतं. तीव्र चढ-उतार आणि दगड : फोर-लो, गाडी पूर्ण थांबवून, गिअर न्यूट्रलला. थार आणि जिमनीसारख्या पार्ट-टाइम प्रणालीत पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी घट्ट जोडली जातात. डांबरी रस्त्यावर वळताना त्यांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, ते जमत नाही आणि पीळ भरतो. स्टेअरिंग जड होतं, गाडी अडखळते, दांडा निघत नाही. जोर लावू नका. गाडी सरळ रेषेत दोन-चार मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की दांडा सुटतो.

प्रश्न : माझं वजन ९२ किलो. घोडेवाले कुणालाही बसवतात, पण मनाला पटत नाही. — धाराशिव

मन बरोबर सांगतंय. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या एकपंचमांशाहून जास्त भार नको. घोड्याचं वजन टेपनं काढता येतं : पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५५ आणि लांबी १३५ असेल तर साधारण २७३ किलो. असं तट्टू खोगिरासकट ५५ किलोच पेलू शकतं. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर ३६५ किलो, म्हणजे ७३ किलोपर्यंत. तुमच्यासाठी खोगिराचे दहा किलो धरून पाचशे किलोंच्या वरचं जनावर लागेल. तसं किनाऱ्यावर भाड्यानं मिळणार नाही. घोडागाडीत बसा, अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडी जाते, तेही काही कमी नाही. फक्त भरती लागायच्या आत परतायचं.

प्रश्न : मुलं नऊ आणि बारा वर्षांची. घोड्यावर बसवण्याआधी काय तपासायचं? — हिंगोली

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. मग घोडेवाल्याला घोडा पंधरा-वीस पावलं दुडकी चालवत न्यायला सांगा. एखाद्या पावलाला मान झटक्यानं वर जात असेल तर त्या पुढच्या पायात दुखणं आहे. तो घोडा नको. खोगीर उचलून पाठ बघा : घट्टे, ओली जखम, केस उडालेली जागा. तोंडाच्या कोपऱ्यांवर लगामाच्या चिरा नसाव्यात. बरगड्या किंचित हाताला लागाव्यात, लांबून मोजता येऊ नयेत.

तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, तपासताना घोड्याच्या अंगात आणि पट्ट्यात दोन बोटं जेमतेम शिरावीत. बरेच घोडे तंग आवळताना छाती फुगवतात, म्हणून दहा-बारा पावलं चालवून पुन्हा आवळायला लावा. खोगीर फिरून मूल बाजूला पडतं त्याचं नेहमीचं कारण हेच. रिकिबीची (पाय ठेवायच्या कडीची) लांबी हातानं मोजता येते : बोटांची टोकं खोगिराच्या पट्टीवर टेकवली की रिकीब काखेत यावी. मुलांसाठी रिकीब मुळातच लांब असते. पाय पोचत नसेल तर पट्ट्याला वरचं भोक पाडून घ्या, पट्ट्यात पाय अडकवू देऊ नका. पाय अडकलेलं मूल पडलं तर घोड्यामागं फरफटत जातं.

पायात थोडी टाच असलेले बूट हवेत. चप्पल नको, आणि सपाट स्पोर्ट शूजही रिकिबीतून आरपार जातो. डोक्याला घोडेस्वारीचं हेल्मेट नसेल तर निदान सायकलचं, हनुवटीखाली बांधलेलं. मोटारसायकलचं पूर्ण हेल्मेट मुलांच्या मानेला जड होतं. डाव्या बाजूनं चढवा. पंजाचा रुंद भाग रिकिबीत, टाच खाली, नजर समोर. लगाम हाताला गुंडाळायचा नाही. मोठ्या माणसापुढे मुलाला बसवणं सर्वांत वाईट : घोड्यावर दोघांचा भार आणि पडताना मोठं माणूस मुलाच्या अंगावर. घोडेवाल्यानं दोरी हातात धरून चालवावं, आणि पहिली फेरी चालीतच. मांड बसलेली नसताना दुडकीत मूल उसळत राहतं.

घोडा उधळला तर ओरडू नका, दोन्ही लगाम खेचूनही धरू नका. एका बाजूचा लगाम आवळून मोठं वर्तुळ घ्या आणि ते लहान लहान करत या.

प्रश्न : आधी गाडी की आधी घोडा? — सेलू

आधी घोडा. तीन-चार तास गाडीचे गचके खाऊन कंबर आणि मांड्या आखडलेल्या असल्या की मांड बसत नाही. रात्रभर ताम्हिणी घाट उतरून आलेल्यांनी तर त्या दिवशी दोन्ही टाळावं. गरोदर महिला, मणक्याचा त्रास असलेले आणि अलीकडे शस्त्रक्रिया झालेले यांच्यासाठी दोन्ही सत्रं बाद.

प्रश्न : भाड्याच्या गाडीबद्दल आणि विम्याबद्दल सांगा. — छत्रपती संभाजीनगर

स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्यानं दिली जात असेल तर अपघातात विमा कंपनी हात झटकू शकते. स्वतःची गाडी असली तरी इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम लागतं. शर्यत आणि वेगचाचणी वगळलेलीच असते. पाण्यातून जाताना थारला कंपनीनं ६५० मिलिमीटर मर्यादा दिली आहे, तीही संथ पाण्यात. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊच नये.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत घोडा घेतलाय. गोदाकाठी वाळूत तयार करून तो कोकणात न्यावा म्हणतो. — गंगाखेड

तयारी जरूर करा, कोकणात नेणं टाळा. टेम्पोत दोन दिवस जाणार, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा आरोग्य दाखला लागणार, आणि लाटांचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा घोडा तुमच्या हातात राहीलच असं नाही.

वाळूची सवय सावकाश लावायची. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पायाच्या शिरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना) महिने लागतात. घोडा दमलेला दिसत नाही म्हणून माणूस पुढे रेटतो आणि एके सकाळी पुढच्या नळीमागची शीर सुजलेली असते. सुरुवात पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूत, दहा मिनिटं, नुसती चाल. दर चार-पाच दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. कोरड्या खोल वाळूत दुडकी नकोच. परतल्यावर चारही पाय धुऊन नळीवरून हात फिरवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्या दिवसापासून विश्रांती, आणि उतार पडला नाही तर डॉक्टर.

कडबा, गवत वाळूवर टाकू नका. तोबऱ्यात किंवा गव्हाणीत द्या. चाऱ्याबरोबर गेलेली वाळू आतड्यात साठते आणि पोटशूळ होतो. ताज्या लिदीचे चार-पाच गोळे, जमिनीला न लागलेले, पारदर्शक पिशवीत पाणी घालून कुस्करा आणि पिशवी पंधरा मिनिटं टांगून ठेवा. तळाच्या कोपऱ्यात चमचाभर वाळू बसली, तर आतड्यात वाळू जातेय. त्याच दिवशी चारा वाळूवरून हलवा आणि पशुवैद्यकांना दाखवा.